पॉलिस्टर फिल्म म्हणजे फक्त वेष्टन नव्हे

महोदय,

प्लॅस्टिकबंदीच्या चर्चेत पॉलिस्टर फिल्मही (पॉलिस्टर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा) सरसकट कचऱ्यात काढली जाते. विजेच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्या, म्हणजे त्यांत तांब्याची तार नव्याने गुंडाळून भरणाऱ्या मला हे खटकतं. स्टेटरच्या (मोटारीच्या स्थिर लोखंडी भागाच्या) स्लॉटमध्ये, म्हणजे खाचेत, तार भरण्याआधी मी हीच फिल्म घडी घालून बसवतो. तिची कड नीट दुमडली नाही, तर तार भरताना ती फाटते आणि वायंडिंग (भरलेली तार) मोटारीच्या लोखंडी बॉडीला टेकून शॉर्ट होतं. उभी-आडवी ताणून बनवलेली असल्याने कागदासारखी पातळ असूनही ती 130 अंश सेल्सिअसपर्यंत टिकाव धरते. कपॅसिटर, एक्स-रे फिल्म, सौर पॅनेलची पाठ, सगळीकडे हीच! चिप्सच्या काही पाकिटांत मात्र ती दुसऱ्या प्लॅस्टिकला चिकटवलेली असते, मग थर वेगळे करणं महाकठीण. बंधनं घालायचीच तर अशा चिकटवलेल्या थरांवर घाला.

– एक मोटार रिवाइंडर