लातूरच्या गंजगोलाई बाजारातल्या भाजी-माळव्याच्या मावशींना

मावशी,

तुम्ही मोबाइल बघत नाही, पण मागं बसून हिशेब करणारं तुमचं लेकरू हे वाचून दाखवील, म्हणून इथंच लिहितोय.

येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, आदल्या दिवशी, २९ डिसेंबरच्या रविवारी, गोलाईत पाय ठेवायला जागा नव्हती. आईचा उजवा हात प्लास्टरमध्ये, बहीण पुण्याला, आणि उद्या शेतात पांडवांच्या पूजेच्या कडब्याच्या कोपीपाशी पंधरा माणसं जेवायला. आंबील आणि पिठाचे वळलेले उंडे माझ्या सख्ख्या मावशीकडून येणार होते. भज्जी, म्हणजे ओल्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची बेसन लावलेली मिसळ भाजी, मी करतो म्हटलं तर घरातले सगळे हसले. त्याच रागात निघालो आणि फ्रोजन मटारची पिशवी घेऊन तुमच्यापुढं उभा राहिलो.

"हे काय करलालास रे बाबा? त्या बर्फाची भज्जी बघून पांडव कोपीतून उठून जातील की!"

गिऱ्हाइकांची रांग तशीच ठेवून तुम्ही माझी पिशवी भरली. तुरीच्या ओल्या शेंगा, वालाच्या शेंगा, वाटाणा, ओल्या हरभऱ्याचा सोलाणा, वांगी, गाजरं, पात, मेथी, पालक, चाकवत. वर हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याची मूठ टाकलीत, तिचे पैसे घेतले नाहीत. तुमची नखं शेंगा सोलून हिरवी झालेली, तरी एकेक बोट दुमडत सांगत होता: आधी दाणे, मग वांगी-गाजरं, पाला शेवटी. "आणि चिंच घाई करून घालू नको. दाणे बोटानं चेंगरले की मगच. आधी घातलीस तर दुपारपर्यंत शिजवत बसशील, टणकच राहतील."

मी तर चिंचेचा कोळ फोडणीतच ओतणार होतो!

पहाटे चारला चूल पेटवली. चिंचेपर्यंत सगळं तुमच्या शब्दाप्रमाणं झालं. बेसनही कोरडं न टाकता पाण्यात कालवलं, बारीक धार धरली, दुसऱ्या हातानं हलवत राहिलो. तेवढ्यात फोन वाजला. हात थांबला तो अर्धा मिनिट, पण लिंबाएवढी गुठळी झालीच. ती नेमकी काकांच्या वाटीत गेली. काकांनी ती उंडा समजून खाल्ली की मला वाचवलं, अजून कळलं नाही.

आईनं डाव्या हातानं बोट बुडवून चाखलं. "मीठ कमी आहे," म्हणाली आणि दुसऱ्यांदा बोट बुडवलं. आमच्या घरात याच्यापेक्षा मोठी शाबासकी नसते. तिच्यातली निम्मी तुमची, ती पोचवायला हे पत्र.

येळवशीला अख्खं लातूर शेतात असतं, गोलाईतही शुकशुकाट. पुढच्या वर्षी तुम्ही आमच्याकडं या, लेकरालाही आणा. भज्जी मीच करणार, फोन घरी ठेवून.

ती मटारची पिशवी अजून फ्रीजमध्ये आहे. पोह्यात तरी चालेल का?

तुमचा,
बर्फाच्या मटारवाला