उडती कार येऊ दे की, पण उतरणार कुठं?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही उडत्या कारची बातमी छापली, अर्धं पान तर नुसता फोटोच. माझ्या गॅरेजमधलं पोरगं ते पान घेऊन दिवसभर फिरत होतं, एक क्लच प्लेट बसवायला त्यानं संध्याकाळ केली. शेवटी पान काढून घेतलं आणि मीच वाचत बसलो.

खरं सांगायचं तर मला पण आवडली ओ. संध्याकाळी आपल्या सोलापूरच्या सात रस्ता चौकात अडकलं, मागनं हॉर्न, पुढं रिक्षा आडवी, तेव्हा कुणाला वाटत नाही की एक बटण दाबावं आणि वरनं सुटावं. पण 22 वर्षं होटगी रोडला गॅरेज चालवतोय, गाडी कितीबी भारी असू दे आधी वाकून खाली बघायची सवय जात नाही. रस्त्यावरच्या गाडीला वजन लागतं, खड्डे खायला दणकट शॉकअप, पुढं बंपर, दारात पत्रा. उडायचं म्हटलं की सगळं उलटं, जेवढं काढून टाकाल तेवढं बरं. आता दोन्ही एकाच गाडीत कसं बसवायचं, यातच इंजिनिअर लोकांचं शंभर वर्षं डोकं चाललंय.

हो, शंभर वर्षं. हे खूळ आजचं नाही. अमेरिकेत ग्लेन कर्टिस नावाच्या माणसानं 1917 लाच असली गाडी प्रदर्शनात ठेवली होती, ती धड उडलीच नाही. 1940 ला खुद्द हेन्री फोर्ड म्हणून गेले की विमान आणि मोटार एकत्र येणार म्हणजे येणार. मग 1949 ला मोल्टन टेलरची एअरोकार खरंच उडली, रस्त्यावर आली की पंख घडी करून ट्रॉलीसारखे मागं ओढत न्यायचे. सगळ्या मिळून सहाच बनल्या. म्हणजे उडवायचं कोडं कधीच सुटलंय, अडलंय ते पुढं.

स्लोव्हाकियाच्या एअरकारचंच बघा. जून 2021 ला नित्राहून ब्रातिस्लाव्हाला 35 मिनिटांत गेली, आत बीएमडब्ल्यूचं इंजिन, खाली उतरल्यावर दोन-तीन मिनिटांत पंख मिटून कार झाली. कमालच आहे, मी व्हिडिओ चार वेळा बघितला. पण उडाली विमानतळावरनं आणि उतरली पण विमानतळावर! घरापासनं विमानतळापर्यंत ट्रॅफिकमधनंच जायचं असेल तर माझा सात रस्ता सुटला कुठं?

आता विमानतळाचं आपल्याला कुणी शिकवायला नको. विमानाच्या वाटेत येणाऱ्या एका साखर कारखान्याच्या चिमणीपायी किती वर्षं कोर्टकचेऱ्या आणि मोर्चे झाले (चूक कुणाची त्यात मी पडत नाही, दोन्हीकडची गिऱ्हाइकं आहेत माझी), जून 2023 ला ती पाडली आणि गोव्याचं विमान उडायला जून 2025 उजाडलं. एका चिमणीची ही कथा, मग गल्लीगल्लीत विजेच्या तारा, मोबाईल टॉवर, वाढदिवसाचे डिजिटल फलक, त्यांचं काय करणार? आणि सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला नंदीध्वज निघतात त्या दिवशी वरची वाहतूक कुणीकडनं वळवणार?

दुसरी जात ती ड्रोनसारखी, जागेवरनं सरळ वर जाणारी, तिला धावपट्टी नको. जपानात स्कायड्राइव्ह कंपनीची असली गाडी मार्च 2024 पासनं सुझुकीच्या कारखान्यात बनायला लागलीय, 12 पंखे, बॅटरीवर. रेंज किती, तर 15 किलोमीटरच्या आसपास. म्हणजे आपलं शेजारचं मोहोळ गाव पण येत नाही, तुळजापूर तर सोडाच. बॅटरीचं दुखणंच आहे ते, एक किलो पेट्रोलमध्ये जेवढी ऊर्जा असते ती बॅटरीत भरायची तर 40-50 किलोची बॅटरी लागते, इलेक्ट्रिक मोटर कमी वाया घालवते हे धरलं तरी फरक लई मोठा. वर पेट्रोल जळेल तशी गाडी हलकी होते, बॅटरी रिकामी झाली तरी तेवढीच जड. आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा 43 ला गेला की हवा पातळ होते, पंख्याला पकड कमी, मग त्याच वजनाला जास्त जोर लावावा लागतो.

धुरळ्याचं तर कुणी बोलतच नाही. पुढारी हेलिकॉप्टरनं येणार असले की हेलिपॅडवर आधी टँकरनं पाणी मारतात, बघितलंय ना? इथं आमच्या नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, ते भांड्यात भरू का दारात उडती कार उतरायची म्हणून मारू?

आणखी एक. माझ्याकडं येणारी निम्मी गिऱ्हाइकं सर्व्हिसिंग चुकवतात, ऑइल काळं पडून डांबर होईपर्यंत गाडी पळवतात, बंद पडली की चार जणांनी ढकलून बाजूला लावतात आणि मला फोन. वर कुठली बाजू?

तरी येऊ दे, ॲम्ब्युलन्सला, पुरात अडकलेल्यांना कामाला येईल. फक्त साहेब, पुढच्या वेळी असली बातमी छापताना रेंज किती, उतरायला जागा किती आणि लायसन कुठलं लागतं एवढं तीन ओळीत टाका, फोटो थोडा बारका झाला तरी चालेल.

आपला वाचक,
एक गॅरेजवाला, होटगी रोड, सोलापूर