गावातल्या गॅरेजलाही शिकाऊ उमेदवार मिळू द्या

मा. संपादक यांस,

दहावीचा निकाल लागून आयटीआयचे प्रवेश सुरू झाले, की गॅरेजवर बाप-लेकाच्या जोड्या येतात. "मिस्त्री, पोराला मोटार मेकॅनिकला टाकावं का डिझेलला?" डिझेलचा कोर्स एक वर्षाचा, मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा. मी दोन वर्षांचाच सांगतो. पण तो झाल्यावर पोराचा हात कुठं बसणार, हे मात्र कोणी विचारत नाही.

माझा हात बसला तो एसटीच्या चिकलठाण्याच्या वर्कशॉपात. आयटीआय झाल्यावर तिथं शिकाऊ म्हणून लागलो. हेड उतरवणं, पंप, गिअरबॉक्स, ब्रेक, सगळं हाताखालून गेलं. उस्ताद लोक शिव्या देत, पण गाडी का बंद पडली हे आमच्याच तोंडून वदवून घेत. हल्ली आमच्या सेलू-परभणीकडची बरीच पोरं शिकाऊ म्हणून वाळूजला नाहीतर चाकणला जातात आणि कारखान्यात गाड्या जोडायच्या लाइनवर उभी राहतात. एक वर्ष त्याच जागी, तेच चार बोल्ट. विद्यावेतन वेळेवर मिळतं, शिस्त लागते, हे मी नाकारत नाही. असाच एक पोरगा गेल्या साली माझ्याकडं आला. बोल्टला टॉर्क किती द्यायचा, म्हणजे तो किती जोरानं आवळायचा, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. बंद गाडी पुढं आली, की मात्र तो स्कॅनर, म्हणजे बिघाडाचा कोड दाखवणारं यंत्र, शोधायचा.

स्कॅनरचंही सांगतो. गाड्यांच्या धुराच्या नियमांत १ एप्रिल २०२० पासून बीएस-४ वरून आपण थेट बीएस-६ वर आलो. बहुतेक नव्या मोटारसायकलींचा कार्ब्युरेटर गेला, डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत फिल्टर आणि सेन्सर आले. कापसाच्या हंगामात एका शेतकऱ्याची पिकअप आली. चेक लाइट लागलेली, गाडी चढाला ओढत नव्हती. स्कॅनर रेल प्रेशर सेन्सरचा, म्हणजे डिझेलचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा, कोड दाखवत होता. आधीच्या ठिकाणी तो सेन्सर दोनदा बदलून झाला होता, आता ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, बदला म्हणून सांगितलेलं. आम्ही सेन्सरच्या वायरीचा कपलर काढला, चावी ऑन करून मल्टिमीटर लावला. सेन्सरला जिथं पाच व्होल्ट यायला पाहिजेत, तिथं शून्य. वायरिंग धरून मागं गेलो, तर इंजिनाच्या मागच्या बाजूला उंदरानं वायर कुरतडलेली. गाडी महिनाभर आखाड्यावर उभी होती, तिथंच ते काम झालेलं. वायर जोडली, स्लीव्ह चढवली, कोड पुसला. स्कॅनरनं सर्किट बरोबर सांगितलं होतं. त्या सर्किटात सेन्सर खराब आहे, वायर तुटली आहे का कपलरमध्ये पाणी गेलंय, हे माणसानंच शोधायचं असतं.

हे शोधणं फक्त वर्गात बसून येत नाही. अभ्यासक्रमात सेन्सर आणि ईसीएम आहेत, पुस्तक मी चाळलंय. पण रोज वेगळा बिघाड येतो तो गॅरेजवर, आणि नेमका तिथंच शिकाऊ उमेदवार अधिकृतपणे ठेवता येत नाही. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा. २०१९ च्या नियमांप्रमाणे ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ घेणं सक्तीचं, चार ते २९ असतील तर ऐच्छिक. चाराच्या खाली दारच बंद. तालुक्याच्या गावात चार माणसं पगारावर असलेलं गॅरेज दाखवा! मी, एक फिटर आणि एक हेल्पर, एवढाच आमचा पसारा. गाड्यांची वायरिंग करणारा वायरमन शेजारचा, डिझेल पंपाचं काम त्याच्या पलीकडच्याकडं. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत सरकार विद्यावेतनाचा २५ टक्के, जास्तीत जास्त दरमहा १५०० रुपयांचा वाटा उचलतं. तोही मग आमच्यापर्यंत येत नाही.

यावर कोणी म्हणेल, गॅरेजवाले पोरांकडून डिझेलमध्ये पार्ट धुऊन घेतात आणि चहा आणायला पिटाळतात. खरं आहे. आमच्या धंद्यात असे उस्ताद कमी नाहीत. म्हणूनच हे काम आयटीआयच्या देखरेखीखाली व्हावं. एका ओळीतल्या तीन-चार गॅरेजांना मिळून एक आस्थापना धरावं. पोरानं काही महिने इंजिनवर, काही महिने वायरिंगवर, काही महिने पंप-नोझलवर काढावेत. रोजच्या कामाची वही ठेवावी आणि आयटीआयच्या निदेशकांनी महिन्यातून एकदा येऊन ती तपासावी. निदेशकांनाही बीएस-६ गाडीचं बोनेट उघडायला मिळेल. काही ठिकाणी त्यांच्याकडं अजून जुनीच इंजिनं आहेत, त्यात त्यांचा दोष नाही.

पोराला मल्टिमीटर मात्र पहिल्याच महिन्यात हातात द्यावा. आता इलेक्ट्रिक स्कूटरही दारात येऊ लागल्यात, त्यांना गोटी-पाना कमीच लागतो.

आमच्या रस्त्यावरचे वायरमन आणि पंपवाले दोघंही सही द्यायला तयार आहेत. असा एकत्र अर्ज घेता येतो का आणि येत असेल तर कोणाच्या नावे करायचा, एवढं जिल्ह्याच्या शिकाऊ उमेदवारी सल्लागारांनी आपल्या वृत्तपत्रातून सांगावं, ही विनंती. नियमात बसत नसेल, तर आमच्या आमदार-खासदारांनी चाराच्या अटीचा प्रश्न विधानसभेत आणि संसदेत मांडावा.

– एक गॅरेजवाला, सेलू (जि. परभणी)