गेम चालला म्हणजे पीसी स्टेबल झाला असं नसतं

प्रिय सई,

तुझा मेसेज आणि तो स्क्रीनशॉट बघितला. सीपीयूच्या सगळ्या कोअरना कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (कोअरचं व्होल्टेज कमी करायचं सेटिंग) मायनस ३०, रॅमला एक्स्पो (जास्त स्पीडचं तयार प्रोफाइल) ऑन, ग्राफिक्स कार्डची मेमरी पण चढवलेली, आणि खाली लिहिलंयस की रात्रभर गेम खेळले काही झालं नाही, फुल स्टेबल. स्कोअर भारी आलाय, त्याबद्दल शाबास. पण फुल स्टेबल एवढ्यात म्हणू नकोस. फोनवर सांगायला लागलो की तू "हो बाबा, हो बाबा" करून ठेवून देतेस म्हणून लिहूनच पाठवतोय.

पीसी धाडकन बंद पडला, निळी स्क्रीन आली तर ते एका अर्थी बरंच, निदान कळतं तरी. खरा त्रास न बोलता चुकणाऱ्या पीसीचा. व्होल्टेज थोडं कमी पडलं की एखादं गणित चुकतं, गेममध्ये तेच एका फ्रेममधला एक ठिपका चुकीच्या रंगाचा येण्यापुरतं असलं तर कोणाच्या बापाला कळत नाही, पण तीच चूक तुझ्या प्रोजेक्टची फाइल सेव्ह होताना किंवा विंडोजचा अपडेट बसताना झाली तर ती तिथेच राहते, आणि पुढे कधीतरी फाइल उघडत नाही म्हणून तू डोकं धरून बसणार, तेव्हा ओव्हरक्लॉक, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त स्पीडला ताणलेलं हे सगळं, आठवणारही नाही. म्हणून प्राइम९५ सारखी टेस्ट लावायची. मोठ्या मूळ संख्या शोधण्याच्या प्रकल्पासाठी १९९६ पासून हा प्रोग्रॅम चालतोय, आणि त्याच्या टॉर्चर टेस्टमधल्या गणितांची उत्तरं आधीच ठरलेली असतात त्यामुळे सीपीयू चुकला की लगेच सापडतो. "राउंडिंग वॉज ०.५, एक्स्पेक्टेड लेस दॅन ०.४" अशी लाल ओळ आली की समजायचं, पीसी चालू दिसत असला तरी नापास.

पण नुसतं सगळ्या कोअरवर प्राइम९५ सोडून झोपू नकोस, तुझ्या सेटिंगची गंमत वेगळी आहे. सगळे कोअर एकदम राबतात तेव्हा क्लॉक, म्हणजे त्यांचा स्पीड, खाली येतो, मग कमी व्होल्टेजमध्येही निभावून जातं. पीसी निवांत असताना, म्हणजे तू ब्राउझर उघडतेस किंवा फोल्डर क्लिक करतेस तेव्हा एकच कोअर क्षणभर सगळ्यात वरच्या क्लॉकवर उडी मारतो आणि मायनस ३० चा फटका नेमका तिथे बसतो. रात्रभर गेम चालतो आणि सकाळी डेस्कटॉपवर काहीच न करता रीस्टार्ट, हे लोकांना कोडं वाटतं ना, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. त्याला कोअरसायकलर वापर, तो एकेका कोअरवर आळीपाळीने टेस्ट लावतो आणि कोणता पडला ते लॉगमध्ये लिहून ठेवतो. पडला त्या एकालाच मायनस २५ वर आण, बाकीच्यांना हात लावू नकोस. आणि हो, जे कोअर सगळ्यात चांगले म्हणून मार्क केलेले असतात तेच बहुधा आधी पडतात, कारण कंपनीनेच त्यांना आधीच कमी व्होल्टेजवर ताणलेलं असतं, तेव्हा बेस्ट कोअर कसा काय पडला म्हणून चक्रावू नकोस.

खरं तर याच्याही आधी रॅम. एक्स्पो नुसतं बटण वाटतं पण तेही ओव्हरक्लॉकच आहे, तुझ्या रायझन ७००० ला अधिकृत सपोर्ट डीडीआर५ ५२०० चा आणि तू चालवतेस ६०००. डीडीआर५ मध्ये ईसीसी, म्हणजे चुका आपोआप दुरुस्त करायची सोय, असतं असं कोणीतरी सांगेल, ते चिपच्या आतल्या आत दुरुस्ती करतं, रॅमपासून सीपीयूपर्यंतच्या वाटेत काय बिघडलं ते त्याला दिसत नाही. तेव्हा कर्व्ह ऑप्टिमायझर झीरो करून मेमटेस्ट८६ ही रॅमची टेस्ट पेनड्राइव्हवरून चालव, तिच्या चारही फेऱ्या पूर्ण होऊ देत. एक एरर आली तरी नापास, "एकच तर आहे" हे इथे चालत नाही. तिथे पास झाली तरी पुन्हा विंडोजमध्ये ग्राफिक्स कार्ड तापवून रॅम टेस्ट कर कारण कार्डाची गरम हवा रॅमवरच येते, आणि थंड असताना गुणी बाळासारखी वागणारी रॅम तापली की चुका करते.

ग्राफिक्स कार्डाला फरमार्क ही तापवणारी टेस्ट लावून खूश होऊ नकोस, त्यात पॉवर लिमिटमुळे क्लॉकच खाली येतो, कूलिंग कळतं एवढंच. थ्रीडीमार्कमधली टाइम स्पायची स्ट्रेस टेस्ट लाव, २० लूप, फ्रेम रेटची स्थिरता ९७ टक्क्यांच्या वर हवी. मेमरी चढवताना प्रत्येक पायरीला स्कोअर बघत जा, बऱ्याच नव्या कार्डांमध्ये मेमरी चुकली की डेटा परत पाठवते, त्यामुळे क्रॅश होत नाही पण नंबर वाढायच्या ऐवजी घसरतो. घसरला की दोन पायऱ्या मागे.

सीपीयूचं टेंपरेचर ९५ दिसलं म्हणून घाबरून टेस्ट बंद करू नकोस, ही सिरीज तिथपर्यंत जायलाच बनवलीय, त्यावर गेली की स्वतःच क्लॉक कमी करते.

टेस्ट झाल्यावर विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडून डब्ल्यूएचईए-लॉगर, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या नोंदी, शोध. इव्हेंट १९ म्हणजे चूक झाली पण सावरली गेली, ती दिसली तरी मी त्याला स्टेबल म्हणणार नाही. कर्नल-पॉवर ४१ च्या मागे लागू नकोस, तो फक्त पीसी नीट बंद न होता रीस्टार्ट झाला एवढंच सांगतो, ते तुला माहीतच असतं.

सुरू करायच्या आधी प्रोजेक्टचा बॅकअप बाहेरच्या ड्राइव्हवर घे आणि बायोसच्या सगळ्या पानांचे फोटो काढून ठेव, सीएमओएस क्लिअर करायची, म्हणजे बायोसची सगळी सेटिंग पुसायची, वेळ आली तर सगळं आठवत बसायला नको. ज्या कोअरचा नंबर लॉगमध्ये येईल तो मला पाठव, बघू कोणाचे नखरे आहेत.

बाबा