तालमींच्या शाळेतून

मीरा रोड,
डिसेंबर, रविवार दुपार

प्रिय सुलू,

सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझं पत्र मी स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हणजे सगळं नाही, घाबरू नकोस, तेवढं एकच वाक्य: ‘तुमचं कॉन्व्हेंटवाल्यांचं बरं असतं बाई, सगळं घड्याळावर, सिस्टर बघून घेतात, तुम्ही नुसतं शिकवायचं.’ सगळ्या हसल्या. गणिताच्या टीचरनं चहाचा कप खाली ठेवून विचारलं, “शिकवायचं? ते कधी?”

तर त्याचंच उत्तर लिहायला बसलेय. बाजूला नववीच्या कृतिपत्रिकांचा गठ्ठा आहे, तो तिथेच राहू दे. त्यात निम्म्या मुलींनी मैत्रिणीला पत्र लिहिलंय आणि प्रत्येकीची मैत्रीण ‘मजेत असशीलच’ अशी आहे. उपयोजित लेखनाचे गुण पाठ करून मिळतात हे मुलींना सहावीतच कळतं.

बाहेरून बघणाऱ्याला कॉन्व्हेंट म्हणजे शिस्त वाटते. दोन वेण्या, रिबिनी, नखं तपासणं, रांगेत उतरणारा जिना. ते सगळं आहेच. पण इतकी वर्षं आत काढल्यावर मी सांगते, कॉन्व्हेंट म्हणजे तालीम. जूनपासून एप्रिलपर्यंत कशाची ना कशाची तालीम चालूच. आधी हेडगर्ल आणि हाउस कॅप्टनांचा शपथविधी, मग पंधरा ऑगस्टचं संचलन, मग शिक्षकदिन, मग संस्थापिका मदरचा सण, ऑक्टोबरात रोझरी आणि मिशन संडेसाठी खाऊचे स्टॉल, दिवाळीनंतर स्पोर्ट्स डे, आणि आता नाताळ. दर पहिल्या शुक्रवारच्या मिस्सेसाठी, म्हणजे चर्चच्या उपासनेसाठी, गाण्यांची तयारी असते ती वेगळी. आणि या सगळ्या तालमींना तास लागतात. ते कुठून यायचे? गणिताचा तास कोणी घेत नाही, पालक भांडायला येतात. विज्ञानाचाही नाही. मग दाराशी एक चिमुरडी चिठ्ठी घेऊन उभी राहते: ‘मराठी टीचर, प्लीज सेंड द फॉलोइंग गर्ल्स टू द हॉल.’ फॉलोइंग म्हणजे कोण, तर ज्यांना थोडंफार मराठी येतं त्या सगळ्या. माझ्यापुढे उरतात त्या खिडकीतून हॉलकडे बघणाऱ्या.

तुला वाटेल, कायद्यानं मराठी सक्तीचं झालंय ना? झालंय की. 2020 चा कायदा आहे, राज्यातल्या सगळ्या शाळांत पहिली ते दहावी, बोर्ड कुठलंही असो. आम्ही राज्य मंडळाच्याच, त्यामुळे आमच्याकडे ते आधीपासून होतंच. कायदा विषय शिकवायला लावतो, वेळापत्रकातला पाचवा तास कोणी पळवला तर तो काही धावून येत नाही.

सप्टेंबरचं तर सांगूच नको. आठ सप्टेंबर हा मारियेचा जन्मदिवस, त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर माउंट मेरीची जत्रा. आपल्या कोळणी तिला मोत माउली म्हणतात. वांद्रे स्टेशनला उतरलं की बेस्टच्या जादा गाड्या असतात, पण त्याही हिल रोडवर मुंगीच्या पावलानं सरकतात, म्हणून त्या आठवड्यात मी सरळ चालत जाते. वाटेत मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची घरं, मेणाची बाळं. ज्याला जे हवं किंवा जे दुखतंय ते विकत घ्यायचं आणि माउलीपुढे ठेवायचं. गेल्या जत्रेत सातवीतली एक पोरगी माझ्यासाठी मेणाचं पुस्तक शोधत होती, टीचरांना पेपर तपासायचा त्रास होतो म्हणून. मिळालं नाही. मला वाटतं मागणी आहे, कोणीतरी हा धंदा सुरू करावा.

वर्गात कोण कोण असतं, हेही तू नेहमी चुकीचं धरतेस. ‘ख्रिश्चन मुली’ म्हणतेस आणि तुझ्या डोळ्यांपुढे इंग्रजी बोलणाऱ्या फ्रॉकवाल्या. अगं, माझ्या वर्गात मंगळुरी आहेत, गोवेकर आहेत, केरळच्या आहेत, आणि वांद्र्यातल्याच चिंबई कोळीवाड्याच्या ईस्ट इंडियन आहेत. या ईस्ट इंडियन म्हणजे इथल्याच, साष्टी-वसईच्या मूळच्या माणसांतल्या. इंग्रज सरकारच्या नोकऱ्यांत गोव्याहून येणाऱ्यांपासून आपण वेगळे दिसावं म्हणून त्यांनी 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, हे नाव घेतलं. घरी आजी मराठीच बोलते. आणि बिगरख्रिस्ती मुलीही भरपूर. धर्मशिक्षणाच्या तासाला कॅथलिक मुली एका वर्गात जातात, बाकीच्या मूल्यशिक्षणाला दुसऱ्या वर्गात. गंमत म्हणजे मूल्यशिक्षण माझ्याकडे आहे. ‘प्रामाणिकपणा’ शिकवताना मागच्या बाकावर भूगोलाचा गृहपाठ एकमेकींत उतरवणं चालू असतं.

तुझ्याकडे पोर्टलची कामं कमी आहेत असं लिहितेस, म्हणून हे थोडक्यात. यूडायस, म्हणजे शाळेची सरकारी माहिती, भरून होत नाही तोवर अपार आयडीचा, म्हणजे मुलींच्या ओळख क्रमांकाचा, धोशा. आमच्याकडे त्यात खास अडचण अशी की एकीच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर तीन नावं, जनरल रजिस्टरवर दोन, आधारवर वडिलांचं नाव मध्येच घुसलेलं, आणि आडनाव इथे डिसोझा तर तिथे डिसूझा. वर्गशिक्षिकेनं पालकांना फोन करायचे. पालक दुबईत. असो.

शिवाय 2024 मध्ये सरकारनं सांगितलं की पूर्वप्राथमिकपासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका, मुलांची झोप पुरी होऊ द्या. निर्णय चांगला. पण आमच्यासारख्या जागेची चणचण असलेल्या शाळेत त्यामुळे लहान-मोठ्यांच्या वेळा एकमेकींवर चढल्या, आणि हॉल एकच. डिसेंबरात त्या हॉलच्या दाराला लावलेला वेळेचा तक्ता तू बघायला हवास. त्यावर खाडाखोड इतकी की सिस्टरांनी शेवटी पेन्सिल दोरीनं बांधून ठेवलीय, सोबत खोडरबर.

आता मुख्य गोष्टीवर येते, कारण या पत्रात माझा स्वार्थ आहे.

तीन जानेवारीचा बालिका दिन यंदा माझ्याकडे आलाय. दरवर्षी काय होतं तुला ठाऊक आहे: फोटोला हार, एक भाषण, सावित्रीबाईंची वेशभूषा केलेली पाचवीतली एक मुलगी, टाळ्या. या वर्षी सिस्टर प्रिन्सिपल म्हणाल्या, वीस मिनिटांची नाटिका करा, मराठीत, पालकांना बोलावू. मी ‘हो’ म्हणाले आणि मग कॅलेंडर बघितलं. नाताळची सुट्टी संपली की लगेच तीन तारीख. म्हणजे तालीम सगळी आत्ताच, नाताळच्या कार्यक्रमाच्या तालमीच्या उरावर. मुलीही त्याच. जी देवदूत आहे तीच सावित्रीबाई आहे, मेंढपाळ आहेत त्या सनातनी मंडळी आहेत. परवा एकीनं पाठीला पुठ्ठ्याचे पंख तसेच ठेवून “बाटवलं, धर्म बुडवला!” म्हणून आरोळी ठोकली. हॉल कोसळला हसून. मीसुद्धा.

पण सुलू, लिहायला बसले आणि गुंतत गेले. मला नेहमीची शेण-चिखलाची गोष्ट तेवढीच नको होती. ती आहे, मुलींना ती सर्वांत आवडते, शेणगोळे म्हणून जुने तपकिरी मोजे गुंडाळून ठेवलेत आणि ते फेकायला कोण यावर भांडणं झालीत. मला त्याच्या आधीचं हवं होतं. सावित्रीबाईंना शिकवायला कोणी शिकवलं? घरी जोतिरावांनी, हे सगळ्यांना पाठ. पण चरित्रकार सांगतात की अध्यापनाचं शिक्षण त्यांनी तुमच्या नगरला घेतलं, अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार बाईंकडे. जोतिरावांनी या बाईंची नगरची मुलींची शाळा पाहिली होती आणि त्यानंतर 1848 मध्ये पुण्यात भिडेवाड्यात शाळा सुरू झाली.

आणि या फरारबाई आधी कुठे होत्या? इथे, मुंबईत! 1827 च्या अखेरीस एकटी, बिनलग्नाची बाई अमेरिकेतून जहाजानं मुंबईला उतरली, मुलींच्या शाळा बघायच्या कामावर. मिशननं मुंबईत मुलींची पहिली शाळा 1824 मध्येच काढली होती. 1829 मध्ये मार्गारेट विल्सन आल्या, स्कॉटिश मिशनच्या. त्यांनी मराठी शिकून मुलींच्या शाळा काढल्या आणि 1835 मध्ये इथेच वारल्या. फरारबाई 1839 पासून नगरला राहिल्या, 1862 मध्ये जाईपर्यंत. म्हणजे चौतीस वर्षांत थोडा काळ मायदेशी, बाकी सगळा इथे. मुली आज आल्या तर उद्या येत नाहीत, नवव्या वर्षी लग्न लागतं, सासरचे पाटी फोडतात, अशा शाळा. माझा पाचवा तास गेला म्हणून मी कुरकुरते, त्यांचा तर सगळा वर्गच जात असेल.

मी हे सिस्टरांना उत्साहानं सांगायला गेले. त्या केरळच्या, मराठी मोजकंच, पण कान तीक्ष्ण. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मिस, यू नो शी इज नॉट अवर्स?” मी क्षणभर बघत राहिले. मग कळलं: फरारबाई प्रॉटेस्टंट, आणि आम्ही कॅथलिक. आपण बाहेरचे सगळ्यांना सरसकट ‘मिशनवाले’ म्हणतो, आतल्यांना मात्र फरक चांगलाच माहीत असतो. मी म्हटलं, मग काढू का? त्या हसल्या आणि मराठीत म्हणाल्या, “राहू दे. मुलींची शाळा तर आहे ना!” आणि वर दोन तास जादा दिले. विज्ञानाचे! ही बातमी मी विज्ञानाच्या टीचरला अजून सांगितलेली नाही.

पात्रांबद्दल ऐक. जोतिरावांना लहानपणी सांभाळणाऱ्या सगुणाबाईंचं काम रत्नागिरीकडच्या एका कोकणी मुसलमान मुलीला दिलंय. आठवीतली, एरवी तोंडातून शब्द नाही. वाचून घेतलं तेव्हा वर्गात सर्वांत चोख मराठी तिचं निघालं, हेल कोकणातला. तिला विचारलं, कुठून शिकलीस? म्हणाली, “दादी. उन्हाळ्यात गावाला जातो ना, तिथे दुसरं कुणी काही बोलतच नाय.” हा हेल मी ठेवणार आहे. काही पालक म्हणतील शुद्ध का नाही. म्हणोत. फरारबाईंचं काम चिंबईच्या ईस्ट इंडियन मुलीला, कारण उंच आहे आणि तिच्या आजीकडे पांढरा लांब झगा आहे. अमेरिकन बाईनं मराठी कसं बोलावं यावर आमची चर्चा झाली. मुलींचं म्हणणं, अडखळत आणि विनोदी. मी म्हटलं नाही, जवळजवळ वीस वर्षं या देशात काढलेली बाई अडखळत कशाला बोलेल? ती शिकवत होती त्या भाषेत. विनोद करायचा तर मोज्यांवर करा.

मधल्या वेळेत आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे, चालू आहेच. असेंब्लीत चार मेणबत्त्यांचं कडं ठेवतात, तीन जांभळ्या, एक गुलाबी. गुलाबी कोणी पेटवायची यावरून यलो हाउस आणि ब्लू हाउस बोलत नाहीत. दहावीवाल्या जानेवारीतल्या सराव परीक्षेच्या नावानं सगळ्यातून सुटल्यात, तरी जेवणाच्या सुट्टीत हॉलच्या दारात येऊन लहानांना सूचना देत उभ्या असतात. त्यांना आता फक्त बघायला मिळतं याचं वाईट वाटतंय, असं दिसतं. तोंडानं मात्र ‘सो चाइल्डिश’ म्हणतात.

तर आता स्वार्थ. एक, तुझ्या सासूबाईंकडचं ते जुनं लाल काठाचं नऊवारी हवंय, सावित्रीबाईंसाठी. इथे भाड्यानं मिळतात ती लावणीची चमचमणारी, मी त्यातली एकही घेणार नाही. दोन, नऊवारी नेसवायची कशी याचा व्हिडिओ पाठव, पण सासूबाईंनी नेसवलेला, तुझा नको, तुझा काष्टा कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये स्टेजवर सुटला होता. तीन, तुझ्या घरापासून जुनी मिशनची वस्ती लांब नाही. तिथली एखादी जुनी इमारत, चर्च, शाळेची कमान, जे मिळेल त्याचे फोटो काढ. मागच्या पडद्यावर दाखवायचेत. त्या भागात कोणी म्हाताऱ्या निवृत्त बाई भेटल्या, फरारबाईंबद्दल घरात काही ऐकलेलं असलं, तर फोनवर रेकॉर्ड करून घे. आधी विचारून, हो.

साडी पोस्टानं नको, कुरियरनंही नको, चोवीसच्या आत पोचायला हवी आणि हरवली तर सासूबाई मला दारात उभं करणार नाहीत. तुझा भाचा दर शनिवारी कल्याणला येतो ना? त्याच्याकडे दे, मी कल्याणला जाऊन घेते. शनिवार नक्की कळव, कारण एका शनिवारी माझी स्पर्धा परीक्षेवर ड्यूटी आहे.

आणि तीन तारखेला तू ये ना! शाळेची काही तरी ‘शैक्षणिक भेट’ दाखव, तुमचे हेडमास्तर देतील. आदल्या रात्री माझ्याकडे राहा. सकाळी माझ्याबरोबर लोकलनं चल म्हणजे तुला कळेल, घड्याळावर काय काय असतं ते.

भाऊजींना नमस्कार, सासूबाईंना साष्टांग (साडीसाठी जरा जास्तच), पिंट्याला आशीर्वाद. उत्तर दोन ओळींत दे, पण लगेच दे.

तुझी,
मंगल

ता. क. फोटो आडवे काढ. मागच्या वेळी सगळे उभे पाठवले होतेस.