रोटोरुआच्या ताईंना, आबांच्या लेकीकडून

ताई,

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला मराठी येत नाही हे माहीत असूनही हे पत्र मराठीत लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं उघड लिहितेय. तुमच्यासाठी यातला मजकूर फोनवर इंग्रजीत सांगेनच. पण ऑकलंडमधल्या आमच्या घरांमध्ये गावाकडून आई-वडील आले की त्यांना एकदा रोटोरुआ, हे न्यूझीलंडमधलं ज्वालामुखींचं आणि उकळत्या झऱ्यांचं गाव, दाखवून आणायची रीत पडली आहे, आणि त्या सगळ्यांनी तुमच्यासारख्या गाइडबद्दल वाचावं असं मला वाटतं. नाव मात्र तुमच्याच सांगण्यावरून लिहीत नाही.

सहलीच्या आदल्या संध्याकाळी तुमचा फोन आला तेव्हा मला वाटलं, निघायची वेळ पक्की करायची असेल. तुम्ही विचारलंत ते वेगळंच. वडिलांना दमा आहे का? (रोटोरुआच्या हवेत हायड्रोजन सल्फाइड असतो, कुजक्या अंड्यासारखा वास गावात शिरल्या शिरल्या नाकात जातो. दम्याच्या माणसाला तो त्रास देऊ शकतो, म्हणून.) गुडघे कसे आहेत? चढ जड जातो की उतार? खाण्यात काय चालत नाही? आणि शेवटी, त्यांनी आयुष्यभर काम काय केलं? मी म्हटलं, विहिरी खोदल्या. रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वर तालुक्यात, पहारीनं आणि सुरुंगानं. "मग उद्याचा बेत मी बदलते," असं म्हणून तुम्ही फोन ठेवलात. सत्तरी ओलांडलेल्या म्हाताऱ्याचा धंदा विचारणारा गाइड मला तोवर भेटला नव्हता.

बदललेल्या बेतात वाइ-ओ-तापूचा लेडी नॉक्स फवारा नव्हता. रोज सकाळी सव्वादहाला त्याच्या तोंडात साबण घालून पाणी उडवतात, आणि बहुतेक बसगाड्या त्याच वेळेला तिथे पोचतात. तुम्ही त्याला नावं ठेवली नाहीत. आबांना आपापल्या वेळेनं उडणारं पाणी दाखवते, एवढंच म्हणालात. मी मात्र ठेवते: घड्याळ लावून उडवलेल्या फवाऱ्यासाठी अर्धी सकाळ घालवायचं काही कारण नाही.

त्याऐवजी तुम्ही गाडी रेरेफाकाइतूकडे काढलीत आणि एका जागी रस्त्यासाठी कापलेल्या दरडीपाशी थांबवलीत. बाकीचे पर्यटक अशा दरडीकडे ढुंकूनही पाहत नसतील. खाली पांढुरका, हलका, भुसभुशीत थर आणि त्याच्यावर काळ्या खड्यांचा थर. मी दुभाष्याच्या पवित्र्यात उभी राहिले, तर तुम्ही मला हातानं थांबवलंत आणि आबांनाच खुणेनं विचारलंत, काय दिसतंय?

आबा वाकले. पांढरा खडा हातात घेतला, वजन पाहिलं, परत ठेवला. काळा घेतला, दुसऱ्या काळ्यावर टिचकावला, कानाशी नेला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हा आपलाच दगड. फक्त फुगलाय."

हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही जोरात हसलात. कारण ते अगदी खरं होतं. पांढरा थर सुमारे सातशे वर्षांपूर्वीच्या स्फोटाचा. तो रायोलाइट, म्हणजे सिलिका जास्त असलेला चिकट लाव्हा. त्यात वायू कोंडतो आणि सुटताना सगळंच उधळून देतो. तारावेरा या इथल्या ज्वालामुखी पर्वताचे घुमट त्याच दगडाचे आहेत. वरचा काळा थर तारावेराच्या १८८६ च्या स्फोटाचा, आणि तो बेसॉल्ट, सह्याद्री ज्याचा बनलाय तोच. आमच्याकडे ६.६ कोटी वर्षांपूर्वी तो पातळ रसासारखा वाहिला, थरावर थर बसला, आणि आबांच्या विहिरींत मुरूम संपला की जो काळा पाषाण लागायचा तो झाला. तारावेराखाली मात्र त्याच जातीच्या रसात वायू भरलेला होता, वर येताना त्याला पाणी भेटलं, आणि डोंगर १७ किलोमीटर लांब फाटला. मी इतकी वर्षं या देशात राहते. ज्वालामुखी म्हणजे काहीतरी परकं, इथलं, असंच धरून चालले होते. आपण सगळे एका विझलेल्या लाव्ह्यावर वाढलोय हे शाळेत पाठ केलं होतं, पण हातात धरून कोणी दाखवलं नव्हतं.

आबांना तो काळा खडा घरी न्यायचा होता. तुम्ही नाही म्हणालात. तारावेरा तुमच्या, म्हणजे इथल्या मूळच्या माओरी, लोकांसाठी पवित्र आहे, तिथे माणसं गेली आहेत, तिथलं काही उचलून न्यायचं नसतं. मला जरा अवघडल्यासारखं झालं, पण आबांनी लगेच मान डोलावली. आमच्या देवराईतली वाळकी काटकीसुद्धा चुलीला आणत नाहीत. खडा होता त्याच जागी, त्याच बाजूवर ठेवून आले.

वाइमांगूच्या दरीत उतारानं चालत जायचं आणि थकलं की वाटेतल्या थांब्यावरून बस पकडायची, ही सोय गुडघ्यांसाठी बरी होती. पण तुम्ही ती दरी निवडली ती आबांच्या धंद्यासाठी, हे मला तिथे गेल्यावर कळलं. ही अख्खी दरी १८८६ च्या त्या रात्रीनंतरची आहे. त्याआधी इथे उकळतं पाणी नव्हतंच. १९०० ते १९०४ या काळात इथला काळा, चिखलट फवारा ४०० मीटरपर्यंत जायचा. १९०३ च्या ऑगस्टमध्ये त्यानं चौघांचा जीव घेतला, त्यात जोसेफ वॉरब्रिक हे तुमच्याच पेशातले गाइड होते. पुढे दरड कोसळून पाण्याची पातळी बदलली आणि फवारा बंद पडला तो कायमचा. फ्राइंग पॅन लेक हे वाफाळणारं तळं १९१७ च्या स्फोटानंतरचं. आबांनी विचारलं, हे पाणी कोणाचं, पावसाचं की पाताळातलं? पावसाचंच, तुम्ही म्हणालात. ते खोल मुरतं, खालच्या तप्त खडकाजवळ तापतं आणि भेगांतून वर येतं. आबा म्हणाले, मग आपल्या तुरळ-राजवाडीच्या उन्हाळ्यासारखंच (गरम पाण्याच्या झऱ्यासारखंच) की. जवळजवळ तसंच, फक्त कोकणात त्या पाण्याखाली आज लाव्हा नाही. ते खोल भेगांमध्ये जाऊन जमिनीच्या नेहमीच्या उष्णतेनंच तापतं. हे आबांना मी सांगितलं, तर म्हणाले, म्हणून आपल्याकडे आंघोळ करता येते.

इन्फर्नो क्रेटरच्या निळ्या पाण्यापाशी तर तुम्ही दोघं मला विसरूनच गेलात. ते पाणी सुमारे ३८ दिवसांच्या चक्रात चढतं, काठावरून वाहतं आणि मग कित्येक मीटर खाली जातं. आणि ते वर असलं की शेजारच्या फ्राइंग पॅनमधून बाहेर पडणारं पाणी कमी होतं. म्हणजे दोन्हींच्या तळाशी वाट एकच. आबांनी गावातल्या दोन विहिरींची गोष्ट सांगितली, एकीवर पंप बसवला की दुसरी कशी उतरायची त्याची. मी भाषांतर करत होते, पण खरं तर त्याची गरज नव्हती. त्यांचे हात पाहूनच तुम्हाला समजत होतं.

रोटोमहाना तळ्यावरच्या होडीत तुम्ही सिलिकाच्या गुलाबी आणि पांढऱ्या नैसर्गिक पायऱ्यांबद्दल सांगितलंत, ज्या पाहायला त्या काळी जगभरातून लोक यायचे आणि ज्या १० जून १८८६ च्या पहाटे नाहीशा झाल्या. सुमारे १२० माणसं गेली, बहुतेक माओरी. सोफिया हिनेरांगी यांच्याबद्दल सांगताना तुमचा आवाज बदलला. त्या गाइड होत्या, तुमच्यासारख्याच. 'ते वाइरोआ' नावाच्या गावावर चिखल कोसळत असताना त्यांच्या घरात साठेक माणसं वाचली. त्याच्या अकरा दिवस आधी त्या पर्यटकांना घेऊन निघाल्या तर गावच्या ओढ्याचं पाणी अचानक आटलं होतं आणि तसंच अचानक परत भरलं. नंतर तळ्यावर कोणाचीच नसलेली एक होडी दिसली, अशीही आठवण सांगतात. होडीच्या गोष्टीवर मी विचारात पडले. आबांनी होडी सोडली आणि ओढा धरला: किती वेळ आटलं होतं? किती भरलं?

दुपारी फाकारेवारेवात, स्फोटातून वाचलेल्या तूहोउरांगी या माओरी जमातीच्या लोकांना ज्या गावानं जागा दिली त्या गावात, तुम्ही आम्हाला उकळत्या कुंडात शिजवलेलं कणीस दिलंत. आबांच्या दातांचा विचार करून दाणे सोडवून दिलेत, हे मी पाहिलं. घरांच्या अंगणातून वाफ येते, आणि जमीन तापलेली म्हणून थडगीसुद्धा जमिनीच्या वर बांधलेली. तिथून पोहुतू फवारा उडताना दिसला. कोणी साबण घातला नव्हता, आणि वाट पाहायला लावलीच त्यानं.

तेव्हा तुम्ही बोअरवेलची हकिगत सांगितलीत. घरं आणि हॉटेलं गरम ठेवायला रोटोरुआत इतक्या बोअर मारल्या गेल्या की फवारे मंदावले, काही थांबले. १९८६ मध्ये सरकारनं पोहुतूपासून दीड किलोमीटरच्या आतल्या बोअर बंद करायचा हुकूम काढला. लोक चिडले, पण हळूहळू पाण्याला जोर आला. १९७९ साली थांबलेला पापाकुरा फवारा २०१५ मध्ये पुन्हा उडू लागला. हे ऐकून आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्याकडे बोअरच्या गाड्या आल्या आणि माझ्या विहिरी मेल्या. बंद करा म्हणणारा कोणी भेटला नाही." तुम्ही हे शब्दशः सांगायला लावलंत, दोनदा. आणि मग त्यांना विचारलंत, त्यांनी खोदलेली सगळ्यात चांगली विहीर कोणती.

ताई, मला आभार मानायचेत ते या प्रश्नाचे. आबा इथे आल्यापासून मी त्यांना सांभाळत होते. रस्ता ओलांडताना हात धर, मेनूकार्ड वाचून दाखव, दुकानात मीच बोल. माझ्या घरात ते काही न येणारे गृहस्थ झाले होते, आणि ते मुकाट चालवून घेत होते. तुमच्या गाडीत ते जाणकार होते. तुम्ही त्यांना 'कोरो' म्हणत होतात, आमच्याकडे वडीलधाऱ्याला आजोबा म्हणतात तसं. पण नुसता मान देणं सोपं असतं. तुम्ही त्यांचं मत विचारलंत, आणि पटलं नाही तिथे वादही घातलात. त्या विहिरीबद्दल ते जे बोलले, कुठे सुरुंग ठासला, कुठे पाझर लागला, पाणी लागल्यावर कोण कोण आत उतरून नाचलं, ते मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

वाचणाऱ्यांसाठी दोन शब्द. खाजगी गाइड महाग पडतो, हे खरंच आहे. बसच्या सहलीत जागा जास्त होतात, फोटोही जास्त होतात. धडधाकट तरुण मंडळींनी खुशाल बसनं जावं. पण म्हातारी माणसं बरोबर असतील तर पैसे दुसरीकडे वाचवा. गाइड ठरवताना काय काय दाखवणार एवढंच विचारू नका, आदल्या दिवशी पाच मिनिटं बोलायला तयार आहात का, हेही विचारा. तुमच्यासारखा माणूस प्रत्येकाला मिळेलच असं नाही, हे मलाही कळतं.

आबा सुखरूप घरी पोचले. दिवाळीनंतर पाऊस पुरता ओसरला की तुम्ही संगमेश्वरला यावं असा त्यांचा निरोप आहे. तुरळचं उन्हाळं दाखवतील, आणि ती विहीरही. गाइडची फी ते घेणार, असंही बजावून सांगितलंय.

आणखी एक काम आहे. आपण गेलो त्या तारखेपासून त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर अडतीस-अडतीस दिवसांवर पेन्सिलीनं खुणा केल्या आहेत. चक्र दरवेळी तंतोतंत तेवढंच नसतं हे तुम्ही सांगितलेलं मी त्यांना पुन्हा सांगून पाहिलं, पण ऐकायला तयार नाहीत. त्यांच्या हिशोबानं या आठवड्यात इन्फर्नोचं पाणी काठावरून वाहायला हवं. तुमची पुढची फेरी झाली की वाहतंय का ते कळवा. ते रोज फोनवर विचारतात.

तुमची,
आबांची लेक