विंगेतल्या मामांना

मामा, नमस्कार.

मी तुमच्या लक्षात असेन असं नाही. त्या दिवशी नटराजपूजनापासून रात्रीच्या निकालापर्यंत तुमच्या रंगमंचावर कितीतरी कॉलेजं आली आणि गेली, त्यातलंच एक आमचं जतचं. केसांना पांढरी पावडर फासून आजीचं काम करणारी पोरगी म्हणजे मी. आम्हाला बक्षीस काही लागलं नाही, तरी तुमचा विषय निघाला की अजून घसा दाटतो. म्हणून सगळ्यांदेखत लिहितेय. सांगलीतल्या कुणीतरी हे तुम्हाला वाचून दाखवावं.

सगळा एकांकिका महोत्सव एका दिवसात उरकायचा म्हणजे काय, ते आम्हाला आता पुरतं कळलंय. एकाचं नेपथ्य उतरायच्या आत दुसऱ्याच्या लेव्हल, म्हणजे रंगमंचावर मांडायचे लाकडी चौथरे, विंगेत येऊन पडतात. मेकअपच्या आरशापुढं शिवाजी महाराजांचा मावळा, कॉलेजकुमार आणि आमची आजी शेजारीशेजारी. ठरलेल्या मिनिटांत सेट लावा, प्रयोग करा, रंगमंच मोकळा करून द्या. त्याबद्दल तक्रार नाही, गंमतच आली.

घड्याळ नव्हतं ते फक्त उद्घाटनाच्या भाषणांना. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ कसं उभं केलं, सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी त्यांना आश्रय कसा दिला, ५ नोव्हेंबर हा रंगभूमी दिन का, सांगलीला नाट्यपंढरी का म्हणतात, हे प्रत्येक पाहुण्यानं आपल्या परीनं पुन्हा सांगितलं. पुढं राजाश्रय सुटल्यावर त्याच भाव्यांनी मंडळी घेऊन गावोगाव खेळ केले, १८५३ साली मुंबईत तिकीट लावून नाटक केलं, तो भाग मात्र सगळ्यांनी गाळला. आम्हाला तोच जवळचा होता, कारण आमचा राजाश्रय आदल्या रात्रीच सुटला होता. नेपथ्य पोचवायचा शब्द दिलेल्या गृहस्थांनी आगाऊ पैसे घेऊन फोन बंद केला होता. आणि एरवी सत्काराचा हार दिसला की पुढं सरसावणारे आमचे सर ‘बघू’ म्हणाले होते. ते ‘बघू’ अजून चालूच आहे.

भाषणांनी खाल्लेला वेळ वसूल झाला तो आमच्याकडून. लाइट लावून एकदा तरी जागा बघू द्या, असं आमच्या दिग्दर्शकानं विनवलं, तर छातीला बिल्ला लावलेल्या एका दादांनी सुनावलं, ‘अंधारात दिसत नसेल तर नाटकं करू नयेत.’ मी शेजारीच उभी होते. ते माझ्याकडं बघून बोलले नव्हते, पण लागलं मलाच.

तुम्ही आतल्या खोलीतून जुन्या लेव्हल, मोडकी खुर्ची, दोन घागरी काढून दिल्यात, त्याबद्दल आमच्या पोरांनी तुमचे पाय धरलेच आहेत. मला सांगायचंय ते त्यानंतरचं.

आमची आजी मोतीबिंदूची. टँकरची वाट बघत घागरीपाशी बसून असते. तिच्या नाकावर चष्मा चालणार नाही, असं दिग्दर्शकाचं म्हणणं आणि ते बरोबरच होतं. शेवटच्या वाक्याला ब्लॅकआऊट, आणि त्या काळोखात मला लेव्हलवरून उतरून विंगेत यायचं होतं. मी विंगेपाशी पायानं कडा चाचपून बघत होते. बाकी सगळे धावपळीत. तुम्ही मात्र दोरी गुंडाळता गुंडाळता थांबलात.

‘काय गं पोरी, पायानं काय हुडकतीयास? दिसत न्हाई व्हय?’

‘चष्मा काढलाय मामा.’

‘लंबर किती?’

‘साडेपाच.’

‘म्हंजी ठार आंधळीच की!’

आणि हसलात. त्या हसण्यानं दादांचं वाक्य निम्मं उतरलं. मग खिशातून रेडियमच्या पट्टीचं रीळ काढलंत, दातानं तुकडे तोडलेत, गुडघ्यावर बसून लेव्हलच्या कडेला लावलेत, तिथून विंगेपर्यंत लावत आलात. ‘पट्टी धरून चालायचं. पट्टी सपली की म्होरं मी हायच.’ आणि हात पुढं केलात, ‘आन हिकडं चष्मा.’ शर्टाच्या वरच्या खिशात तंबाखूची पुडी होती, ती आधी काढून पँटच्या खिशात टाकलीत. मग खिसा उलटा करून झटकलात, आणि मगच माझा चष्मा त्यात ठेवलात.

प्रयोग कसा झाला ते परीक्षकांनी सांगितलंच आहे. मी ब्लॅकआऊटचं सांगते. हिरवट ठिपक्यांमागून चालत आले, ठिपके संपले, आणि माझ्या हातात चष्मा आला. काड्या उघडलेल्या. चाचपडायला नको, नुसता डोळ्यांवर चढवायचा. एवढा विचार माझ्यासाठी घरच्यांनीही कधी केला नसेल, आणि तुम्हाला माझं नावही माहीत नव्हतं. डोळ्यांवर चढवून तुमच्याकडं बघते तोवर तुम्ही पुढच्या पोरांवर ओरडत होतात, ‘ए, ती घागर उचला आधी!’

तुमच्यासारखी माणसं कुठल्या समितीवर नसतात, कोनशिलेवर नसतात. पण पोरगी उतरेपर्यंत घंटी न मारणारा एसटीचा कंडक्टर असतो, परीक्षेला आलेल्या परगावच्या मुलींना ओसरी उघडून देणारी एखादी मावशी असते. अशांच्या जिवावर आम्ही तालुक्याची पोरं बाहेर पडतो. आईवडीलही सोडतात ते याच भरवशावर. आयोजकांनी घोषणेत सगळ्यांचे आभार मानले, मंडपवाल्यांचेसुद्धा. विंगेतल्या माणसांचं नाव कुणी घेतलं नाही, हे मला फार खटकलं.

निघताना आम्ही वर्गणी काढून तुम्हाला पाकीट देऊ केलं, तर तुम्ही ‘भडंग घ्या जावा, वाटंला खायाला हुईल’ म्हणून परतवलंत. तेव्हा आता दुसरंच काहीतरी मागते. हीच एकांकिका आम्ही जतला पुन्हा करतोय. पत्रिकेत लेखक, दिग्दर्शक, प्रकाश, संगीत यांच्यानंतर ‘रंगमंच व्यवस्था’ अशी एक ओळ आहे आणि तिच्यापुढची जागा आम्ही कोरी ठेवलीय. सगळे तुम्हाला नुसतं मामा म्हणतात, पूर्ण नाव कुणालाच सांगता येईना. तेवढं कळवा. पत्रिका छापायला द्यायची आहे.

तुमची,
साडेपाच नंबरची आजी